तिसऱ्या तुकडीतली लेक

पावसाळा सरत आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांचे खो-खो संघ बांधले जातात. पहिल्याच एक-दोन सामन्यांत मुलगी झटपट बाद झाली, की घरात बोलणे निघते, 'पुरे झाले आता मैदान!' आयाबापांना आमचे सांगणे एवढेच, घाई करू नका.

खो-खोत पळतीची पाळी नऊ मिनिटांची. नऊ जणी तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. पहिली तुकडी कितीही तरबेज असो, ती बाद झाली की उरलेली मिनिटे मागच्या तुकड्यांनाच काढावी लागतात. नव्या मुली बहुधा तिथेच असतात. दम, हुलकावणी, खांबाजवळचे वळण हे सारे सरावानेच अंगी येते.

आपल्या सारिका काळे यांनी जवळजवळ दहा वर्षे दिवसाला एकाच जेवणावर काढली. पण मैदान सोडले नाही. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला तब्बल २२ वर्षांनी.

तेव्हा लेकीला निदान एक हंगाम पुरता पळू द्या. तिची भाकर आणि सराव, दोन्ही चुकवू नका.