दुष्काळाचा हिशेब आणि पहिला पाऊस

दुष्काळ म्हणजे धान्याची तूट, आणि पाऊस आला कीं तो सरला, अशी सर्वसामान्य समजूत आहे. जन्ममृत्यूंच्या नोंदी पाहिल्या असतां ती खरी ठरत नाहीं. आश्रयदात्यांस आमची जी विनंती आहे, तिचा आधार ह्या नोंदींतच आहे.

आपला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचा औरंगाबाद, जिल्हा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता, व जालना त्यांतच मोडत असे. १८९१ च्या खानेसुमारींत ह्या जिल्ह्याची वस्ती सुमारें ८ लक्ष २९ हजार भरली. १९०१ सालीं ती सुमारें ७ लक्ष २१ हजार उरली. मधल्या काळांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ होऊन गेले होते. दुष्काळांत वस्ती घटते, ती केवळ मरणानें नव्हे. कित्येक लोक पोटासाठीं गांव सोडतात आणि जन्मही कमी होतात. उपाशी स्त्रीस गर्भ राहणें कठीण जातें. म्हणून पाळणे रिकामे पडतात ते सुमारें नऊ महिन्यांनीं.

मरणाचा क्रम तर अधिक विचार करण्याजोगा आहे. अरूप महारत्न ह्यांनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत मुंबई इलाखा, वऱ्हाड इत्यादि प्रांतांतील जुन्या दुष्काळांच्या नोंदी तपासल्या आहेत. अशा दुष्काळांत मृत्यूंची संख्या पुष्कळदां शिगेस पोंचली ती पाऊस पडल्यावर. डबकीं भरतात, डांस वाढतात, आणि खंगलेल्या देहास हिंवताप सोसवत नाहीं. रान हिरवें दिसतें, परंतु दाणा घरीं येण्यास अद्याप महिने असतात.

उलट, १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं, आणि अवर्षणाच्या मानानें मृत्यू फार वाढले नाहींत. अवर्षण टाळणें आपल्या हातीं नसलें तरी मरण टाळणें पुष्कळ अंशीं आहे, हें ह्यावरून स्पष्ट होतें.

पहिली सर आली कीं देणाऱ्याचा हात आखडतो. आमची कळकळीची विनंती अशी कीं, तेव्हांच तो अधिक मोकळा असावा. धान्य, औषधें व मच्छरदाण्या ह्यांची मदत खरीप घरीं येईपर्यंत थांबूं नये. तसेंच प्रत्येक गांवानें जन्म व मृत्यू २१ दिवसांचे आंत नोंदवावे. ज्या मृत्यूची नोंद नाहीं, त्याचें कारण कोणी शोधीत नाहीं. आणि कारण न शोधल्यास पुढील दुष्काळीं तोच मृत्यू पुन्हा त्याच दाराशीं येतो.