न विझणारा दिवा

मोटारीची किल्ली फिरविली म्हणजे समोरच्या फलकावर एअरबॅगचा दिवा कांहीं क्षण लागतो व विझतो. तो विझला नाहीं, तर यंत्रणेला स्वतःमध्यें दोष आढळला असें समजावें. मग ऐन अपघातांत हवेची पिशवी फुगेल, ही खात्री उरत नाहीं.

यंत्राच्या स्मृतींतला संकेतांक कारागीर वाचतो. पण ‘चालकापुढील पिशवीच्या विद्युत्‌मंडलांत रोध वाढला’, एवढेंच तो सांगतो. तेवढ्यावरून महागडी पिशवी बदलणें हा उतावीळपणा होय. पुष्कळदां तुटलेली असते ती स्टिअरिंगच्या चक्राखालची, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉकस्प्रिंग. भोंग्याची तारहि बहुधा तिच्यांतूनच जाते. तोहि मुका झाला असल्यास संशय बळावतो.

शोध मात्र जपून करावा. बॅटरीची तार सोडल्यावरहि सांठलेली वीज कांहीं मिनिटें टिकते. निर्मात्यानें नेमून दिलेला वेळ थांबलेंच पाहिजे. साधा रोधमापक पिशवीला कदापि लावूं नये. त्याच्या क्षीण प्रवाहानेंहि ती फुटण्याचा धोका असतो. जाणता कारागीर पिशवी सोडवून तिच्या जागीं सुमारें २ ओहमचा रोधक जोडतो. दोष नाहींसा झाला तर तो पिशवींत किंवा तिच्या जोडणींत; राहिला तर पट्टींत वा तारेंत.

नुसता संकेतांक पुसून पैसे घेणारेहि आहेत. तेथें दिवा पुन्हा लागतो, म्हणून फसवणूक तरी उघडी पडते. जुनी गाडी विकतांना तो रोधकच आंत ठेवून देणारे अधिक भयंकर. दिवा नियमानें लागतो, नियमानें विझतो, आणि चक्रामागें पिशवीच नसते.