ओल्या अरण्यातील वणवा

मराठी भाषेने उन्हाळ्याच्या एका महिन्याला आगीशी कायमचे जोडून टाकले आहे. 'वैशाखवणवा' हा शब्द उच्चारताच तापलेली जमीन, निष्पर्ण झाडे आणि रात्री दूरच्या डोंगरावर सरकणारी आगीची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. सह्याद्रीच्या उतारांवर, सातपुड्यात आणि विदर्भातील सागाच्या जंगलांत असे वणवे वारंवार लागतात. त्यामुळे वणवा ही कोरड्या प्रदेशातील घटना आहे, असे आपण सहज समजतो. परंतु वर्षातील बाराही महिने पाऊस झेलणारी विषुववृत्ताजवळची वर्षावनेही जळतात. ओले अरण्य पेटते कसे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुष्काळ, हवामान आणि माणूस यांचे परस्परसंबंध स्पष्ट होतात.

कोणतीही आग लागण्यासाठी जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी आवश्यक असतात. जंगलात पालापाचोळा, काटक्या आणि गवत यांची कधीच वाण नसते. हवाही भरपूर असते. असे असूनही बहुतेक काळ जंगल सुरक्षित राहते, ते त्यातील ओलाव्यामुळे. ओले पान विस्तवावर धरले, तर बराच वेळ ते नुसते चरचरते आणि धूर सोडते. मिळालेली उष्णता प्रथम पानातील पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि पाणी संपल्यावरच पान पेटते. म्हणून वणव्याचा धोका किती आहे, हा प्रश्न मुख्यतः जंगलात पाणी किती उरले आहे, याचाच प्रश्न असतो.

हे पाणी सर्वत्र एकाच वेगाने आटत नाही. जमिनीवर मोकळी पडलेली पाने आणि वाळके गवत एका दिवसाच्या कडक उन्हात जळण्याजोगे होते. त्याखालचा अर्धवट कुजलेला थर सुकण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. अधिक खोलवरचा दाट थर आणि मोठे ओंडके आपला ओलावा महिना-दोन महिने टिकवून धरतात. म्हणूनच चार दिवसांचे ऊन आणि चार महिन्यांचे अवर्षण यांचा परिणाम सारखा नसतो. थोड्या दिवसांच्या उन्हानंतर लागलेली आग वरचा पाचोळा जाळून विझून जाते. दीर्घ अवर्षणानंतर मात्र तीच आग खोल उतरते, ओंडक्यांत शिरते आणि दिवसेंदिवस धुमसत राहते. दुष्काळ आगीचा हंगाम तयार करतो, असे म्हणता येईल.

त्या हंगामातील नेमका धोक्याचा दिवस कोणता, हे दैनंदिन हवामान ठरवते. तापमान वाढले आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता घटली की पाचोळा वेगाने सुकतो. म्हणूनच दुपारची वेळ सर्वांत धोकादायक असते. रात्री हवा गार व दमट झाल्यावर आगीचा जोर बहुधा मंदावतो. वारा आगीला प्राणवायू पुरवतो, ज्वाळेला पुढच्या न जळलेल्या गवतावर वाकवतो आणि ठिणग्या दूर उडवतो. डोंगरउतारावर आग चढणीच्या दिशेने अधिक वेगाने धावते, कारण वरचे गवत ज्वाळेच्या उष्णतेने आधीच वाळलेले असते. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस या चार नोंदींवरून आगीच्या धोक्याचा निर्देशांक काढण्याची एक पद्धत कॅनडात विकसित झाली. तिचा उपयोग आज इंडोनेशियासारख्या उष्ण प्रदेशातील देशांतही केला जातो.

भारतातील पानझडी जंगलांत हा क्रम दर वर्षी घडतो. पावसाळ्यात वाढलेले गवत हिवाळ्यात वाळते, झाडे पाने गाळतात आणि फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत सारे जंगल ठिणगीची वाट पाहत असते. कर्नाटकातील बंदीपूरच्या अभयारण्यात फेब्रुवारी 2019 मध्ये चार हजार हेक्टरांहून अधिक जंगल जळाले. ठिणगी मात्र क्वचितच निसर्गाची असते. फांद्या एकमेकींवर घासून वणवा पेटतो, असा समज जुना आहे. प्रत्यक्षात आपल्याकडील बहुतेक सर्व वणवे माणसामुळे लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, किंवा विडीचे जळते थोटूक टाकणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

विषुववृत्तीय वर्षावनाची रचना याहून अगदी वेगळी असते. उंच वृक्षांचे पर्णछत्र इतके दाट असते की जमिनीवर थेट ऊन पोहोचत नाही आणि वारा आत शिरत नाही. पानांतून बाहेर पडणारी वाफ त्या छत्राखाली कोंडून राहते. वीज पडली, तरी तिच्यासोबत बहुधा पाऊसही येतो. त्यामुळे एरवी अशा वनात मुद्दाम आग लावली, तरी ती फार पसरत नाही. पण या वनाचे बळ हेच त्याचे दुबळेपणही आहे. आगीचा सराव नसल्याने येथील अनेक वृक्षांची साल पातळ असते. सागासारखी झाडे ज्या आगीतून वाचतात, तिच्याहून सौम्य, गुडघाभर उंचीच्या आगीतही वर्षावनातील वृक्ष मरतात.

हे संरक्षण केव्हा कोसळते, याचे ठळक उदाहरण बोर्निओ बेटावरील कालिमांतान या इंडोनेशियाच्या प्रदेशात आढळते. एरवी प्रशांत महासागरावरील व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेकडे ढकलतात आणि त्यावरून उठणारे ढग इंडोनेशियावर बरसतात. काही वर्षांच्या अंतराने हे वारे दुर्बळ होतात. मग उबदार पाणी आणि त्यासोबत पाऊसही पूर्वेकडे सरकतो. या घटनेला एल निनो म्हणतात. 1982-83 च्या तीव्र एल निनोत पूर्व कालिमांतानमध्ये महिनोन्‌महिने पाऊस पडला नाही. वृक्षांनी पाने गाळली, छत्र विरळ झाले, ऊन जमिनीपर्यंत पोहोचले आणि तीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र दुष्काळ व आगीच्या तडाख्यात सापडले. जेथे लाकूडतोड झाली होती, तेथे हानी अधिक झाली. कारण तोडीमुळे छत्र आधीच फाटलेले होते आणि जमिनीवर वाळक्या फांद्यांचा खच पडलेला होता.

मध्य कालिमांतानमध्ये धोक्याचे आणखी एक कारण होते. तेथील दलदलीच्या अरण्यांखाली पीट नावाचा, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो. पाण्याखाली राहिल्याने तो पुरता कुजत नाही. हजारो वर्षांत तो साठत जातो आणि काही ठिकाणी त्याची जाडी दहा मीटरांपेक्षाही अधिक असते. 1990 च्या दशकाच्या मध्यात सुमारे दहा लाख हेक्टर जमीन भातशेतीखाली आणण्याची योजना आखण्यात आली आणि या दलदलीतून हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खोदण्यात आले. भातशेती यशस्वी झाली नाही, पण कालव्यांतून पीटमधील पाणी वाहून गेले. 1997 मध्ये एल निनो आला, तेव्हा हा सुकलेला थर पेटला. इंडोनेशियातील पीट व अरण्ये जळून त्या एका वर्षात जेवढा कार्बन हवेत गेला, तो जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षभरात बाहेर पडणाऱ्या कार्बनच्या 13 ते 40 टक्के असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पीटची आग जमिनीखाली धुमसते. वरून पाणी ओतून ती सहसा विझत नाही. पावसाने जमिनीतील पाण्याची पातळी वर आली, म्हणजेच ती शांत होते.

2015 मध्ये पुन्हा प्रबळ एल निनो आला. त्या वर्षी भारतातील मोसमी पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्के कमी झाला आणि मराठवाडा होरपळला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. एकाच महासागरातील बदलाची झळ इकडे आटलेल्या विहिरींच्या रूपाने, तर तिकडे आगीच्या रूपाने पोहोचली होती. इंडोनेशियात त्या वर्षी सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. धुराने शाळा बंद पडल्या, विमाने थांबली, सिंगापूर व मलेशियातील नागरिकांनाही श्वास घेणे कठीण झाले. यातील बहुतेक आगी शेतीसाठी आणि तेलताडाच्या लागवडीसाठी जमीन मोकळी करताना लावलेल्या होत्या.

अशा वनातील पहिली आग ही शेवटची नसते, ही याहूनही गंभीर गोष्ट होय. मेलेले वृक्ष उन्मळून पडतात आणि नवे इंधन बनतात. छत्रातील भगदाडांतून ऊन आणि वारा आत येतो; उघड्या जागी गवत व नेचे माजतात. जे वन पूर्वी महिनोन्‌महिन्यांच्या अवर्षणाशिवाय पेटत नव्हते, ते आता थोड्या आठवड्यांच्या उघडिपीनेही पेटू शकते. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने ही उघडीप अधिक घातक ठरते, कारण उष्ण हवा जमिनीतील व पानांतील पाणी अधिक वेगाने शोषून घेते. 2024 मध्ये उष्ण कटिबंधातील सुमारे 67 लाख हेक्टर मूळ वर्षावन नष्ट झाले आणि त्यातील जवळजवळ निम्म्या हानीचे कारण आग हे होते.

मग माणसाच्या हाती काय उरते? एल निनो थांबवणे आपल्या हाती नाही. पण त्याची चाहूल काही महिने आधी लागू शकते. 2016 मध्ये इंडोनेशियाने पीटभूमी पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. जुन्या कालव्यांवर बंधारे घालून पाणी अडवण्यात आले. लागवडीखालील पीटमध्ये पाण्याची पातळी जमिनीखाली 40 सेंटिमीटरांपेक्षा खोल जाऊ नये, असा नियम करण्यात आला. 2023 च्या एल निनो वर्षात तेथे सुमारे साडेअकरा लाख हेक्टर क्षेत्र जळाले. 2015 च्या तुलनेत हा आकडा निम्म्याहून कमी आहे. त्या वर्षीचा एल निनो तुलनेने सौम्य होता, हे खरे; तरीही पाणी जपण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. भारतातही भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या जागा शोधून वनविभागांना कळवते. उन्हाळ्यापूर्वी वनकर्मचारी आणि गावकरी पाचोळा काढून जाळरेषा तयार करतात, म्हणजे आग एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडू शकत नाही.

दुष्काळ जंगलाला सुकवतो, हवामान आगीला वेग देते आणि ठिणगी बहुधा माणसाच्या हातून पडते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर आपली सत्ता नाही. म्हणूनच तिसरीची जबाबदारी पूर्णपणे आपली ठरते. ज्या वर्षी विहिरी लवकर आटतात, त्या वर्षी जवळचे जंगलही तहानलेले असते, याची आठवण ठेवूनच माणसाने काडी ओढली पाहिजे.