जलसा ही शाळाच होती

माझ्या आजीला अक्षर वाचता येत नव्हते. पण महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळारामाचा १९३० चा, येवल्याची घोषणा १९३५ ची, हे तिला तोंडपाठ होते. कोणी शिकविले? गाण्यांनी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज ज्या वर्गाला मी शिकवितो त्यातील शीळफाट्याच्या आसपासच्या वस्त्यांमधली मुले हीच साले परीक्षेपुरती घोकतात. त्यांच्या वस्तीत गाणे नाही असे नाही. १४ एप्रिलला ते इतके मोठ्याने वाजते की खिडक्या थरथरतात. पण त्यातला शब्द कोणाच्या ओठी राहत नाही.

जलसा म्हणजे करमणुकीतून प्रचार, एवढीच व्याख्या प्रस्थापित समीक्षेने केली. ती अपुरी आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, आंबेडकरी जलशाने तो पुढे नेला. गणातली देवस्तुती गेली, गौळणीतली छेडछाड गेली. बतावणीतला सवाल-जवाब मात्र राहिला, आणि त्यात मेलेले ढोर का ओढू नये, मुलीला शाळेत का घालावे, हे प्रश्न आले. ज्याला शाळेने बाहेर बसविले त्याला शिकविणारी ही रात्रीची शाळा होती. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' लिहिले नसते, तर तिचा बराच भाग त्या पिढीबरोबरच गेला असता.

वामनदादा कर्डकांचेच पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, शाळा नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. असा माणूस शेकडो गीते रचतो आणि गावोगावचे गायक ती वहीत उतरवून घेतात. ते २००४ च्या मे महिन्यात गेले आणि जूनमध्ये कल्याणचे प्रल्हाद शिंदे गेले.

आता प्रश्न जतनाचा. गायकाच्या वहीत शब्द असतात, चाल नसते. फार तर वर एखाद्या सिनेगीताचे किंवा लोकगीताचे नाव खुणेसाठी टिपलेले. ती खूण ओळखणारा गेला की वही मुकी होते. पुस्तक छापून शब्द वाचतात, कॅसेट जपून आवाज वाचतो, पण झील कुठे धरायची, ढोलकी कुठे थांबवून अर्थ सांगायचा, हे शेजारी बसूनच शिकावे लागते.

हवाई बेटांच्या लोकांना हे कळले होते. १८९३ मध्ये त्यांचे राज्य उलथले, १८९६ च्या कायद्याने शाळेतून त्यांची भाषा हद्दपार झाली. तिथले पाठ आणि हुला नृत्य 'हालाउ' नावाच्या गुरुगृहांत माणसाकडून माणसाकडे जात राहिले. १९८४ मध्ये पालकांनी आणि शिक्षकांनी 'पूनाना लेओ' ही स्वभाषेतली बालशाळा स्वतः उघडली. सरकारी संग्रहालयाची वाट पाहिली नाही. (गुरुगृह म्हटले की आपल्याला एकलव्य आठवतो. आपली शाळा अंगठा मागणारी नको.)

आम्ही काही शिक्षक-विद्यार्थी दर रविवारी विहारात बसतो. मुली जुन्या वह्या उतरवून घेतात. प्रत्येक गीतापुढे चाल, गाणाऱ्याचे गाव आणि गीतातल्या घटनेचे साल लिहितात. मग पाठांतर. परवा एका वहीत चवदार तळ्यावरचे गीत सापडले, चालीची खूण पुसलेली. दिव्याच्या एका आजींना वाचून दाखविले. दुसऱ्या कडव्याला त्या गुणगुणू लागल्या, मग अडखळल्या. म्हणाल्या, "झील आठवती, मधलं नाही आठवत. माझ्या नणंदेला विचारा, ती गात व्हती." नणंद उल्हासनगरला राहतात. येत्या रविवारी तिकडे जायचे आहे.