चढाओढीतून दातृत्वाकडे

रायपूरच्या मालवीय रोडवरून गोल बाजारात शिरले की मसाल्यांचा दरवळ, भांड्यांचा खणखणाट आणि लग्नसराईच्या खरेदीची लगबग एकदमच सामोरी येते. छत्तीसगढी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा साऱ्या भाषा येथे एकाच तराजूत तोलल्या जातात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस या शहराशी जोडला गेला आहे; तर मुंबई–हावडा लोहमार्गाने बंगालही रायपूरच्या अंगणात आणून सोडला. येथे मराठी मंडळींचे महाराष्ट्र मंडळ आहे, तशी बंगाली मंडळींची कालीबाडीही आहे.

याच रायपुरात बालपणीची सुमारे दोन वर्षे घालवलेला एक मुलगा पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला परिचित झाला. वडिलांच्या कामानिमित्त १८७७ मध्ये तो येथे आला होता. दुर्बळ शरीराने गीता उमगत नाही, आधी फुटबॉल खेळून शरीर बळकट करा, असा उपदेश त्यांनी पुढे तरुणांना केला. फुटबॉल आणि लोकसेवा यांचे नाते तेव्हापासून बंगालच्या मनात रुजले असावे.

मैदानावरील वैर

कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील चुरस भारतीय क्रीडाजगतात अतुलनीय आहे. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या संघास २–१ असे नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. ईस्ट बंगालचा जन्म १९२० चा. पूर्व बंगालमधून आलेल्या असंख्य कुटुंबांनी या संघात आपले हरवलेले गाव शोधले. १९२५ मध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले आणि ईस्ट बंगालने १–० अशी बाजी मारली. तेव्हापासून ही लढत घराघरांत पोहोचली. बागान जिंकला की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, अशी पानातली वाटणीही ठरून गेली. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर या दोन संघांची लढत पाहण्यास १,३१,७८१ प्रेक्षक लोटले होते.

एवढी गर्दी जमते तेथे निधीही उभा राहू शकतो, हे कोलकात्याने फार पूर्वी ओळखले. प्रतिष्ठेचे सामने ‘चॅरिटी मॅच’ म्हणून खेळवून तिकिटांचे उत्पन्न धर्मादाय कार्यास देण्याची प्रथा तेथे पडली. इंग्लंडमध्येही १९०८ पासून ‘चॅरिटी शील्ड’ सामना सुरू झाला. आज ‘कम्युनिटी शील्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सामन्याचे उत्पन्न लोकोपयोगी कामांकडे वळविले जाते.

रक्ताचे नाते

परंतु चढाओढीची दुसरी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर याच दोन संघांचा सामना सुरू असताना मैदानावरील बाचाबाचीचे पडसाद प्रेक्षागारात उमटले. हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ फुटबॉलप्रेमी घरी परतलेच नाहीत. खेळ पाहण्यास गेलेल्या मुलांची वाट पाहणाऱ्या घरांना त्या रात्री कोण जिंकले याच्याशी काहीच कर्तव्य उरले नव्हते.

या दुःखातून कोलकात्याने एक वाट काढली. १६ ऑगस्ट हा ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरू लागले. रक्ताच्या पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, संघाचे नाव नसते. ज्या वैराने रक्त सांडले, त्याच वैराच्या स्मृतीने अनोळखी रुग्णांस रक्त मिळावे, याहून मोठे प्रायश्चित्त कोणते?

महाराष्ट्रात या चुरशीचे खरे दर्शन कोल्हापुरात घडते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी अशा तालीम-मंडळांचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा तेथे लोटतात. विश्वचषकाच्या दिवसांत तर ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या नावे गल्ल्या विभागल्या जातात. असा उत्साह जेथे आहे, तेथे दातृत्वासही वाट करून देता येते.

जमाखर्चाचा खेळ

रायपुरातील मराठी आणि बंगाली मंडळींनी एकत्र बसून असा एखादा सामना पडद्यावर पाहावा आणि त्यातून रुग्णसेवेसाठी किंवा शाळेसाठी निधी उभारावा, ही कल्पना अवघड नाही. दोन्ही बाजूंसाठी दोन दानपेट्या ठेवाव्यात. गोलांची चुरस पडद्यावर आणि दानाची चुरस पेट्यांत रंगावी. शेवटी दोन्ही पेट्या एकत्र करून रक्कम एकाच कार्यास द्यावी. तिकीट लावून प्रक्षेपण दाखवायचे असल्यास संबंधितांची परवानगी आधी घ्यावी.

मात्र उत्साहाइतकाच हिशेब महत्त्वाचा. देणगीचा पैसा कोणाच्याही व्यक्तिगत खात्यात ठेवू नये. संस्थेच्या नावे खाते असावे, त्यासाठी रीतसर ठराव व्हावा आणि व्यवहार किमान दोघांच्या संयुक्त सहीने चालावा. पेट्या सर्वांसमक्ष उघडून मोजदाद करावी, दुसऱ्याच दिवशी भरणा करावा. मोठी देणगी धनादेशाने वा खात्यातून थेट द्यावी. करसवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून २,००० रुपयांवर आणली गेली, हेही ध्यानी ठेवावे. ज्या संस्थेस मदत द्यायची तिची नोंदणी तपासावी, पावती घ्यावी आणि जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. पहिल्या वर्षी हिशेब चोख राहिला, तरच दुसऱ्या वर्षी लोकांचा हात खिशाकडे जातो.

गोल बाजारातील जुना व्यापारी उधारी देताना वहीपेक्षा माणसाकडे पाहतो, असे म्हणतात. दानाचेही तसेच आहे. देणारा आकड्यापेक्षा विश्वासावर देतो. सामना नव्वद मिनिटांत संपतो, हार-जीत चार दिवसांत विसरली जाते. त्या संध्याकाळी जमलेल्या पैशातून एखाद्या रुग्णाचे औषध आले, तर त्याच्या घरी मात्र तो सामना दीर्घकाळ स्मरणात राहील.