भाताचा गंज आणि दारातला कुत्रा

साकोलीकडच्या एका घरी सकाळी चूल पेटली की दोन गंज चढतात. एकात घरच्यांचा भात, दुसऱ्या जर्मनच्या गंजात कनकीचा. कनकी म्हणजे राईस मिलमध्ये धान भरडताना तुटलेला तांदूळ. तो स्वस्त पडतो, म्हणून कुत्र्याच्या वाट्याला येतो. भात निवला की त्यावर रात्रीच्या रश्श्याची तर्री पडते आणि ताटांत उरलेली चार हाडकं. कुत्रा दोन मिनिटांत गंज चाटूनपुसून लख्ख करतो. "पोटभर जेवते जी, अजून का पायजे?" घरची आजी म्हणते.

आजीचा प्रश्न रास्त आहे. भंडारा धानाचा जिल्हा. इथे माणूस भातावर जगतो, तर दारातलं जनावर दुसऱ्या कशावर जगणार? पण नागपूरला शिकायला गेलेला नातू सुट्टीत येतो आणि मोबाइलवर पाहिलेलं सांगतो, "आजी, कुत्रा म्हणजे लांडगा. त्याला भात चालतच नाही, नुसतं कच्चं मांस द्यायचं." आजी आणि नातू दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि कुत्र्याचं नुकसान होतं ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

आधी नातवाचं पाहू. कुत्रा लांडग्याचा वंशज खरा, पण माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढल्यावर त्याचं पोट लांडग्याचं राहिलं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवण्याचं जे जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतं, त्याच्या कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत प्रती सापडल्या. म्हणजे शिजवलेला भात कुत्र्याला व्यवस्थित पचतो. भात विष नाही. कनकीही नाही, ती तांदूळच आहे. मात्र मिलमधला कोंडा नुसता पोट भरायला देऊ नये. त्यातलं तेल लवकर खवट होतं.

आता आजीचं. पोट भरणं आणि अंगी लागणं यांत फरक आहे, आणि तो साध्या हिशेबात दिसतो. 15 किलोचा मोठा गावठी कुत्रा घ्या. त्याला दिवसाला साधारण 850 कॅलरी लागतात. त्या सगळ्या भातातूनच द्यायच्या तर जवळपास 240 ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवावा लागेल. त्यातून प्रथिनं मिळतील 18 ग्रॅमच्या आसपास. जनावरांच्या खाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या मापाने मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात दर हजार कॅलरीमागे निदान 45 ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या 15 किलोवाल्याला ती 38 ग्रॅम पडतात. भात त्याच्या निम्मीच देतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी, कॅल्शियम नावापुरतं आणि स्निग्ध पदार्थ जवळपास नाहीतच. म्हणून भातावरचा कुत्रा कधी बरगड्या दिसणारा असतो, तर कधी उलट पोट सुटलेला, पण अंगावरचे केस निस्तेज, राठ. गंज रिकामा झाला याचा अर्थ भूक भागली, एवढाच.

तर्री हा वेगळा विषय आहे आणि जरा थांबून सांगण्यासारखा. सावजी रस्सा माझा जीव की प्राण, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट लिहिताना हात अडखळतो. पण त्या रश्श्यात काय असतं? परतून परतून लाल केलेला कांदा, लसूण, मसाला आणि वर तरंगणारं बोटभर तेल. माणसाला चव देणारा कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. त्यातली गंधकयुक्त संयुगं पेशींतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात आणि शरीर त्या पेशी मोडीत काढतं. अंगाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरे. "शिजवला की त्याचं विष जाते" असं म्हणतात. जात नाही. शिजवलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, सगळाच कांदा तसाच. लसूणही त्याच कुळातला. आणि एका वेळी भरपूर खायला हवा असंही नाही. रोज थोडाथोडा गेला तरी चालता-बोलता रक्त कमी होतं. घरच्यांना तीन-चार दिवसांनी कळतं ते हिरड्या फिक्या पडल्या, कुत्रा धापा टाकू लागला, लघवी लालसर-तपकिरी झाली म्हणून. तोवर रस्सा कोणाच्याच डोक्यात नसतो.

तेलाचं दुखणं निराळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटणाचं उरलेलं चरबीचं बोचकं कुत्र्यापुढे ओतलं जातं. मग दोन दिवस तो ओकतो, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभा राहतो. हा स्वादुपिंडाचा दाह असू शकतो आणि तो जिवावरही बेततो. "गावठी कुत्र्याला काहीही पचते" ही समजूत टिकून आहे, कारण ज्यांना पचलं नाही ते मोजायला कोणी ठेवलेले नाहीत.

हाडांबद्दल एवढंच: शिजलेलं कोंबडीचं हाड चावल्यावर सुयांसारखं फुटतं आणि घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुततं. लोकांना वाटतं धोका कच्च्या हाडाचा आणि शिजवलेलं मऊ पडतं. प्रत्यक्षात शिजलेलंच जास्त ठिसूळ. कच्च्यालाही दात मोडण्याचा आणि जंतूंचा धोका आहेच.

काळजी घेणाऱ्यांची मला गंमत वाटते ती इथे. जे टाळायला हवं ते रोज ताटात, आणि भीती कशाची तर मिठाची. "मीठ दिलं की कुत्र्याचे केस गळतात" हे गावात ऐकलंय, शहरातल्या फ्लॅटमध्येही ऐकलंय. सोडियम कुत्र्यालाही लागतंच, खाद्याच्या मानकांत त्याची किमान मात्रा लिहिलेली असते. घरच्या वरणातल्या चिमूटभर मिठाने केस गळत नाहीत. खारवलेले सुके मासे किंवा पापड मूठमूठ देऊ नयेत, एवढं खरं. केस गळतात ते गोचीड, पिसवा, खरूज, ऋतुबदल यांनी, आणि पुष्कळदा प्रथिनं व स्निग्धांश कमी पडल्याने. मीठ तोडून भात तसाच ठेवला तर केस गळतच राहतात, आणि घरचे म्हणतात, बहुतेक अजून कुठून तरी मीठ खातो.

दुसरी भीती गोडाची: गुळाने जंत होतात. जंत गुळातून येत नाहीत. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या पोटातच पिलांत उतरतात, जन्मल्यावर दुधातूनही जातात. म्हणून पिलू कुठलंही गोड चाखायच्या आत, दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध सुरू करायचं असतं आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं असतं. गुरुवारी दत्ताच्या नावाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना ग्लुकोज बिस्किटांचे पुडे घातले जातात. त्यांनी जंत होत नाहीत, पण मैदा-साखरेशिवाय पोटात काही जातही नाही. पुण्यच हवं असेल तर तेवढ्या पैशात उकडलेली अंडी येतात.

तिसरी भीती मांसाची. मांस खाल्लं की कुत्रा पिसाळतो, माणसाच्या अंगावर जातो. पिसाळणं हा रेबीजच्या विषाणूचा आजार आहे, बाधित जनावराच्या लाळेतून, बहुतेक वेळा चाव्यातून होणारा. त्यावर उपाय लस. अंगावर जाण्याचा संबंध सवयीशी, भीतीशी आणि दिवसभर साखळीत राहण्याशी. काही घरांत उलट मिरची घालतात, कुत्रा ‘तेज’ व्हावा म्हणून. त्याने पोट तेवढं जळतं.

पिलांचं ताट बघताना मात्र हसू येत नाही. गेल्या पावसाळ्यात, रोवणे चालू असताना, एका ओळखीच्या घरी अडीच महिन्यांचं पिलू पाहिलं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, पंजे फाकलेले, मनगट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. उचलून घेतलं तर कुईं करून ओरडलं. खायला काय, तर दूधभात, आणि कधी मटणाचे तुकडे. "रोज उन्हात बसवतो जी, तरी हाडं मजबूत होत नाही."

इथे दोन गैरसमज आहेत. माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते, कुत्र्याची पुरेसं बनवत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 1994 मध्येच हे मांडलं. कुत्र्याला ते तोंडावाटेच मिळावं लागतं: अंड्याच्या बलकातून, माशातून, थोड्या काळजातून. दुसरं, मांस म्हणजे ताकद खरी, पण नुसत्या मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम त्याचा पंधरावा-विसावा हिस्सा. वाढत्या पिलाला दोन्ही साधारण बरोबरीत लागतात, कॅल्शियम किंचित वर. ते ताटातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. म्हणजे मटण जास्त आणि कॅल्शियम कमी, तर हाडं आणखी पोकळ. याचा उलट अतिरेकही असतो. मोठ्या जातीच्या पिलाला मनानेच कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या तर सांधे बिघडतात. पाय वाकलेल्या पिलाला डॉक्टरकडेच न्यायचं. इथल्या दवाखान्यात भागलं नाही तर नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं.

आई गेलेल्या पिलांना गाईचं दूध पाणी घालून पाजायची रीत आहे, ‘जड होऊ नये’ म्हणून. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, आणि दुधातली साखर मात्र कमी. आधीच पातळ पडणारं दूध आपण आणखी पातळ करतो. मोठ्या कुत्र्याला दूध न मानवण्याचं कारण ती साखर. दूध तुटल्यावर ती पचवण्याची ताकद ओसरत जाते, मग ढाळ लागतात. ताक, दही बहुतेकांना सोसतं.

पुड्यातल्या खाद्याला इकडे सरसकट ‘पेडिग्री’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ते वाईटही नाही आणि जादूही नाही. पुड्यावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि पिलासाठी की मोठ्यासाठी हे लिहिलेलं असेल, तर ठरल्या मापाने दिल्यावर वरून काही लागत नाही. गोची होते ती भाताच्या डोंगरावर मूठभर दाणे टाकले जातात तेव्हा. त्या मुठीने भाताला वास लागतो, उणीव भरत नाही. महागड्या धान्यविरहित पुड्यांमागेही धावू नये. त्यांतल्या वाटाणा-मसुराच्या भरण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये जाहीर केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण धान्य काढून टाकल्याने कुत्र्याचं भलं होतं हेही कोणी दाखवलेलं नाही.

खरं तर भंडाऱ्याच्या घरात लागतं ते बहुतेक सगळं आहे. तलावांचा जिल्हा, वैनगंगा दाराशी, धीवरांच्या टोपल्यांत ताजे मासे. मासा उकडून, काटे काढूनच द्यावा. कॉमन कार्पसारख्या माशात कच्चेपणी थायमिनेज असतं, ते ब1 जीवनसत्त्व नासवतं आणि उकडलं की निकामी होतं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचंही तसंच, म्हणून अंडं उकडून. जवसाचं चमचाभर तेल केसांना चांगलं. डाळ तूर किंवा मुगाची, मऊ शिजवलेली, फोडणीच्या आधी काढून ठेवलेली. लाखोरीच्या डाळीबद्दल मी सावध आहे. ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे आणि 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. महाराष्ट्रात बंदी पुढे उठली, तरी कुत्र्याच्या गंजाचा रोजचा आधार म्हणून लाखोरी नको. मनुका-द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांनी त्यामागे टार्टारिक आम्लाचा संशय घेतला. तेच आम्ल चिंचेत भरपूर, आणि चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांचीही नोंद झाली आहे, तेव्हा चिंचेचं सारही गंजात नको. मोहफुलं सडवून टाकलेला चोथा सांदवाडीत उघडा ठेवू नये. त्यात दारू असते आणि कुत्रा ती झेपवू शकत नाही. आणि मे महिन्यात सकाळचा भात संध्याकाळपर्यंत उघडा राहिला तर तो फेकायचा, ‘कुत्र्याला चालते’ म्हणून द्यायचा नाही.

आजीला मी हिशेब घालून दिला तो असा. पंधरा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसभरात 120 ग्रॅम तांदूळ किंवा कनकी, 50 ग्रॅम डाळ, दोन उकडलेली अंडी, शंभरेक ग्रॅम मासा किंवा बिनहाडाचं चिकन, चमचाभर तेल आणि मूठभर भोपळा किंवा गाजर, दोन वेळांत वाटून. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. त्याप्रमाणे भात वर-खाली करायचा.

"अन् कॅल्शमचं का?" आजीने विचारलं.

"अंड्याचं टरफल."

"तसंच टाकू?"

"नाही जी. धुवायचं, तव्यावर कोरडं करायचं, मिक्सरातून पिठासारखं काढायचं. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. याला रोज अर्धंच पुरे."

आजीने फडताळातून जुनी हॉर्लिक्सची बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला. "हाव, यात मावते," म्हणाली, आणि नातवाला मिक्सर आणायला पिटाळलं.