फोरसाईटवरची चकाकी: ग्रुप घट्ट, पण जागा चुकलेली

देवपुरात शिकताना एनसीसीच्या फायरिंगला जायचो, तेव्हाची गोष्ट. सकाळच्या पहिल्या डिटेलमध्ये माझा ग्रुप घट्ट आणि मधोमध. ऊन तापल्यावर तीच पॉइंट टू टू रायफल, तोच मी. ग्रुप तितकाच घट्ट, पण अख्खा एका बाजूला सरकलेला. उस्तादांनी रायफल रिकामी करून तपासली, कापराची वडी पेटवली, फोरसाईट धुरावर धरून काळी केली आणि म्हणाले, "आता मार." ग्रुप परत मध्ये आला. तेव्हा जादूच वाटली होती. पुढे पृष्ठभाग आणि प्रकाश हाच अभ्यासाचा विषय झाला, तेव्हा कळलं की त्या कागदावर संशोधनपद्धतीचा एक अख्खा धडा होता.

ग्रुप पसरला असता तर हात हलला, श्वास चुकला असं म्हणता आलं असतं. ती यादृच्छिक चूक. जास्त गोळ्या मारून सरासरी काढली की कमी होते. इथे पसारा वाढलाच नव्हता, केंद्र हललं होतं. ही पद्धतशीर चूक. अशा वेळी पाच गोळ्या मारा नाहीतर पन्नास, सरासरी चुकीच्याच जागी येणार.

आकडे घालून बघू. समजा फोरसाईटची टिप २ मिलिमीटर रुंद आहे. ऊन उजवीकडून आलंय आणि उजव्या कडेचा अर्धा मिलिमीटर इतका चमकतोय की मागच्या पांढऱ्या कागदात मिसळून गेला. डोळ्याला उरलेली दीड मिलिमीटरची काळी पट्टीच टिप वाटते. तिचा मध्य खऱ्या मध्यापासून पाव मिलिमीटर डावीकडे. बॅकसाईट आणि फोरसाईट यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १ सेंटिमीटर सरकते. ३०० मीटरवर तीच चूक साडेबारा सेंटिमीटर होते. धुळ्यातच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. वर्दीतल्या माणसासाठी एवढं अंतर म्हणजे नुसते गुण गेले असं नसतं.

पण गोळी जाणार कुठे? वरच्या हिशेबात तुम्ही काळी पट्टी मध्यावर आणता, म्हणजे खरी टिप उजवीकडे जाते आणि गोळी सूर्याच्या बाजूला. उलट, चमकणारी कड नजर ओढून घेत असेल आणि तुम्ही तिलाच मध्य मानत असाल, तर गोळी सूर्यापासून लांब. कारण एकच, उत्तरं विरुद्ध! काळ्या बुलवर नेम धरताना आणि पांढऱ्या कागदावर धरताना वेगळा अनुभव येऊ शकतो तो याचमुळे. "उन्हाने नेम चुकतो" हे नुसतं निरीक्षण झालं. कोणत्या बाजूला चुकेल हे आधी लिहून ठेवलंत, तर ते गृहीतक.

आता उपाय. पहिला सुचतो तो काळा ऑइलपेंट, आणि नेमका तोच फसवा. गुळगुळीत काळा थर समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्केच आरशासारखा परत फेकतो. तिरप्या प्रकाशात जास्त. ४ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण सूर्याचा ल्युमिनन्स सुमारे १.६ अब्ज कँडेला प्रति चौरस मीटर. त्याचे ४ टक्के म्हणजे ६.४ कोटी. भर उन्हातला पांढरा कागद जेमतेम २५ हजार. म्हणजे काळ्या रंगातलं सूर्याचं प्रतिबिंब कागदाच्या अडीच हजार पट प्रखर! ते इतकं बारीक असतं की डोळ्यात पसरून फिकं होतं, तरी कड बिघडवायला पुरतं. तेच ४ टक्के खरखरीत पृष्ठभागाने सगळीकडे विखुरले, तर ल्युमिनन्स साधारण १,३०० वर येतो, कागदाच्या विसाव्या भागाइतका. रंग दोन्हीकडे काळाच. फरक पोताचा.

कापूर इथे जिंकतो. त्याच्या रेणूत कार्बन भरपूर. ज्योतीत तो पुरता जळत नाही आणि बारीक कणांचे भुसभुशीत झुबके होऊन बसतो. प्रकाश त्या फटींत शिरतो, आपटत राहतो आणि दर खेपेला थोडा शोषला जातो. आजीने दिव्यावर वाटी उपडी धरून पाडलेलं काजळ आठवा, तूप कालवण्याआधीचं. तूप लागलं की तेच चकाकायला लागतं, कारण फटी बुजतात. (म्हणूनच फोरसाईटवरचं तेल आधी पुसायचं.)

दुसरा मार्ग ऊन पोचूच न देण्याचा. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. तिथल्या रायफलींची फोरसाईट नळीच्या आत बसवलेली असते.

उस्तादांच्या प्रयोगात मात्र एक भोक होतं. काजळी धरेपर्यंत वारा पडला असेल तर? मी आज केला तर रेंज उत्तरेला तोंड करून निवडेन आणि सकाळी नि संध्याकाळी, काजळीसह आणि काजळीविना, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारेन. मोजायचं ग्रुपचं केंद्र, पसारा नाही. दोष चकाकीचा असेल तर सूर्याने बाजू बदलल्यावर सरकण्याची दिशाही उलटली पाहिजे, आणि काजळी लावल्यावर दोन्ही वेळा सरकणं कमी झालं पाहिजे. मेच्या अखेरीस धुळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. तेव्हा टिपेचा माथा चमकेल आणि चूक आडवी न राहता उभी होईल. तोही एक ग्रुप मारून बघायचा.

फक्त फोरसाईटला बोट लावू नका. काजळी तेवढ्यानेही निघते, आणि मग सगळा डाटा पहिल्यापासून.